पाय पसरलेल्या बाईसाठी सुरतेला

उधना

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याला वर्ष उलटलं होतं, तरी आमच्या अमळनेरात सुरतेचं नाव काढलं की माणसं चार पावलं मागे सरकायची. मी जाते म्हटल्यावर मुलाने कपाळाला हात लावला. नवरा म्हणाला, "रद्दीसाठी जीव धोक्यात घालणारी तू जगात पहिलीच." मी म्हटलं, "पहिली तर पहिली," आणि डबा भरायला घेतला.

या रद्दीबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मध्ये बोलायला नको. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, आता मुदतीआधीच निवृत्ती घेतली आहे. चितारलेली मुखपृष्ठं असलेली जुनी मराठी मासिकं मी जमवते. फोटोवाली नाही, हाताने काढलेलीच. घरात दोन लोखंडी कपाटं भरली आहेत आणि मी तिसरं घेणार आहे. रद्दीवाले, बंद पडलेली वाचनालयं, आवराआवर चाललेली लोकांची घरं, सगळीकडे मी जाऊन बसते. लोक हसतात. हसोत बापडे.

हा नाद मला लागला तो एका अंकापायी. एकोणीस वर्षांची असताना मी एक चित्र काढून एका मासिकाकडे पाठवलं आणि ते मुखपृष्ठ म्हणून छापून आलं. मासिकाचं नाव इथे लिहीत नाही. ते बंद पडून जमाना झाला, पण मालकांचे वारस अजून भांडकुदळ आहेत. आतल्या पानावर 'मुखपृष्ठ' असं छापून पुढे नाव होतं ते माझ्या थोरल्या भावाचं. बापूंनीच, म्हणजे वडिलांनी, संपादकांना तसं कळवलं होतं. मुलीचं नाव छापून आलं तर स्थळं बिचकतात, असं त्यांचं म्हणणं. अण्णाने, म्हणजे भावाने, ब्र काढला नाही. घरी आलेली एकुलती प्रत तो होस्टेलवर मित्रांना दाखवायला घेऊन गेला आणि ती तिकडेच हरवली. तेव्हापासून तेहेतीस वर्षं मी तो अंक शोधत होते. शोधता शोधता बाकीचे जमले. इतकी वर्षं का शोधते, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. माझी वस्तू मी शोधते, त्याला कारण कशाला लागतं?

माझी चुलत बहीण कमल सुरतेत गोडादऱ्याला राहते. तिचा नवरा मागावर कामाला आहे. तिने पत्रात लिहिलं होतं की आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याच्या खोलीत भिंतभर मराठी मासिकं आहेत. हे वाचल्यावर प्लेग काय, महापूर असता तरी मी गेले असते.

उधन्याला उतरले आणि पाय सवयीने स्टेशनबाहेरच्या रद्दीच्या दुकानाकडे वळले. काठापदराची साडी, चष्मा, हातात वही, असं माझं ध्यान पाहून दुकानदार ताडकन उठून उभा राहिला. "बेन, म्युनिसिपालिटी?" मी नाही म्हटलं, पण त्याचा विश्वास बसेना. "उंदर नथी, बेन. एक पण नथी," असं म्हणत त्याने एकेक गठ्ठा उचलून खालची फरशी मला दाखवली. नाहीतर रद्दीवाल्याला गठ्ठे हलवायला लावायचं म्हणजे अर्धा तास गोड बोलावं लागतं. त्या दिवशी मी नुसती उभी राहिले आणि अख्खं दुकान पाहून घेतलं. मराठी काही नव्हतं. गरब्याचा घडा घेतलेल्या बाईचं एक गुजराती साप्ताहिक मिळालं, ते घेतलं.

शहराबद्दल मात्र खरं ते लिहिलं पाहिजे. रस्ते झाडलेले, कचराकुंड्या रिकाम्या, गटारांवर झाकणं. ज्या शहराला सगळे नाकं मुरडत होते ते आमच्या गावापेक्षा स्वच्छ होतं. आमच्या नगरपालिकेच्या लोकांना इथे आणून दोन दिवस फिरवावं असं वाटलं.

गोडादरा

गोडादऱ्यात माग बंद कधी असतात ते मला कळलं नाही. खटखट चालू असते आणि माणसं त्या खटखटीवरून बोलतात, त्यामुळे इथे सगळ्यांचा आवाज चढा. आमच्या कमलचाही झालाय. गल्ली सगळी खानदेशातली, घरात अहिराणी. कमल अहिराणीत ओरडते आणि तिची मुलगी गुजरातीत उत्तर देते. दोघींना एकमेकींचं नीट कळतं.

सकाळी कमलने पोंक आणला होता. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपण तो शेतात, आगटीशेजारी बसून, हात भाजत खातो. इथे तो दुकानात तोलून मिळतो, वर लिंबू-मिऱ्याची शेव घालून. चव चांगली होती. तरी हुरडा असा ताटलीत चमच्याने खायचा म्हणजे मला काही पटलं नाही, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "मग नको खाऊ," असं म्हणून कमलने ताटली स्वतःकडे ओढली.

मासिकांचा विषय काढल्यावर ती म्हणाली, "ताई, तू येडी व्हयनी का? आप्पा कोनलेच अंक इकत देत नही." मी म्हटलं, विकत द्यायचं की नाही ते नंतर बघू, आधी घर दाखव.

हिरामण आप्पा सत्तरीचे. शिंदखेड्याकडचे. चाळीस वर्षं मागावर काढली, आता कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. तरुणपणी ते सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून मराठी माणसांच्या वस्त्यांमधून मासिकं फिरवायचे. खोलीत एक खाट, एक स्टो आणि तीन भिंतींना फळ्या. फळ्यांवर मासिकं आणि मासिकांवर पांढरी पावडर. प्लेगच्या दिवसांत गल्लीतली झाडून सगळी घरं कुलपं लावून गावाला पळाली होती. आप्पा एकटे राहिले. फवारणीवाल्यांकडून त्यांनी पावडर मागून घेतली आणि एकेक अंक उघडून पानापानात भुरभुरवली. मी पहिलाच अंक उघडला आणि सात-आठ शिंका दिल्या.

"आप्पा, यातले मला काही घ्यायचे आहेत," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"हाई दुकान नही शे, बहीण. वाचनालय शे. वाचानं आनि परत करानं."

"वाचनालय चालू आहे अजून?"

"चालूच शे. वाचनारा गावले ग्यात, त्याले मी काय करू?"

मला हा माणूस आवडला, आणि त्याचा रागही आला. मग शोधायला बसले. इथे माझी फजिती झाली. मी शिकलेली बाई, माझी कपाटं वर्षवार लावलेली. साल माझ्या डोक्यात पक्कं, महिना पक्का. दुपारपर्यंत मी फळ्या उपसत राहिले आणि मला काही मेळ लागेना. एका फळीवर दहा वेगवेगळ्या मासिकांचे, दहा वेगवेगळ्या सालांचे अंक एकत्र. मी वैतागून म्हटलं, आप्पा, हे काय लावलंय, ना साल ना नाव.

"वरीस मी लिखत नही," आप्पा म्हणाले. "चितरमा काय शे ते सांग."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फळ्या लुगड्यांवर लावल्या होत्या. ही हिरव्या लुगड्याची फळी, ही जांभळ्या, ही पातळवाल्यांची, ही नऊवारीची, आणि ज्या चित्रांत बाईच नाही ते अंक खाटेखाली. आप्पांच्या वाचकांत निम्म्या बायका, आणि त्या बायकांतल्या निम्म्यांना अक्षर येत नव्हतं. त्या मासिकाचं नाव सांगणार कशा? त्या म्हणायच्या, ती तुळशीजवळची द्या, ती पिवळ्या पातळाची पत्र वाचणारी द्या. घरी नेऊन कोणाकडून वाचून घ्यायच्या, नाहीतर नुसतं चित्र बघायच्या. आप्पांच्या नोंदवहीतही तसंच. 'मोरपंखी लुगडं, दारात उभी.' 'लाल चोळी, पाटावर बसेल.' 'बसेल' म्हणजे बसलेली. पुढे नेणारीचं नाव, नेल्याचा दिवस, आणल्याचा दिवस. मी आयुष्यभर मुखपृष्ठं जमवली आणि मुखपृष्ठावर वाचनालय लावायचं मला सुचलं नाही.

मग मी त्यांना माझं चित्र सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात बाई बसली आहे, पाठ कणगीला टेकलेली, पाय लांब पसरलेले, हातात मासिक. मागे चूल थंड. लुगडं राखाडी, त्याला लाल रुईफुलांचा काठ. ती बाई म्हणजे माझी आई. तिला वाचता येत नव्हतं आणि पाय पसरून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. म्हणून काढली होती.

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत आप्पा म्हणाले, "पाय पसरेल बाई."

नोंदवहीत ती होती. एक पान भरून पुढच्या पानावर गेली होती. एकाच बाईने तीनदा, चारदा नेलेली. कुठे नाव, कुठे नुसतं 'गोपीची आई'. मी ती पानं बोटाने वाचत गेले. माझं चित्र हरवलं म्हणून मी तेहेतीस वर्षं कुढत होते, आणि ते इथे घरोघर जात होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटच्या ओळीत नाव होतं जयेशभाई. आणल्याचा रकाना कोरा.

जयेशभाई म्हणजे आप्पा ज्याच्या मागावर राबले त्या शेठचा मुलगा. तो रिंगरोडला साड्यांची डिझाइनं काढतो. दोन वर्षांपूर्वी येऊन बघायला म्हणून अंक घेऊन गेला होता.

"मग मागितला का नाही परत?"

"शेठना पोऱ्या शे. त्याले कसं मांगू?"

"शेठचा मुलगा असेल त्याच्या घरी. तुमच्या वहीत तो वाचक आहे. वाचकाने अंक परत करायचा की नाही?"

आप्पांनी वही मिटली. मग म्हणाले, उद्या टोपी घालून येतो.

रिंगरोड

रिंगरोडच्या कापड मार्केटात माणसापेक्षा गठ्ठ्याला वाट आधी मिळते. डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेतलेले हमाल येतात आणि आपण भिंतीला चिकटायचं. अशा एका चिकटण्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढचे तीन मजले मी एक चप्पल हातात घेऊन चढले. बरोबर पांढरी टोपी घातलेले आप्पा, त्यांच्या काखेत नोंदवही. आम्ही दोघं वसुलीला निघालो होतो आणि आमचा अवतार भीक मागायला आल्यासारखा होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

जयेशभाई माणूस वाईट नाही. "काका, तमे? बेसो, बेसो," म्हणून त्याने स्वतः खुर्ची पुढे केली, चहा मागवला. आप्पा खुर्चीवर बसेनात. इतकी वर्षं त्याच्या बापासमोर उभेच राहिले होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं. मग आप्पांनी वही उघडली, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

जयेशभाई ओशाळला. कपाटातून त्याने अंक काढला, आणि मुखपृष्ठ वेगळं काढलं. त्याने ते ब्लेडने कापून घेतलं होतं. आईच्या अंगावर पेन्सिलीच्या चौकटी आखलेल्या, काठाचा नमुना उतरवायला. आप्पांनी ते पान त्याच्या हातातून काढून घेतलं. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही बाईने पान कापलं नव्हतं.

"बेन, ये बॉर्डर बहोत चली," जयेशभाई मला समजावू लागला. त्याने एक साडी पसरली. पॉलिएस्टर, राखाडी, लाल रुईफुलांचा काठ. "और ये देखो, हर बित्ते पर एक टेढा फूल, काला. यही लोगों को पसंद है. बहोत बड़ा आर्टिस्ट होगा."

मी काठ हातात घेतला. वीतभर सरळ फुलं, मग एक वाकडं, काळं. पुन्हा वीतभर सरळ, पुन्हा एक वाकडं. साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ते फूल नाही," मी म्हटलं. "ते रफू आहे."

त्याला कळेना. मी त्याला सांगितलं. कणगीजवळच्या खिळ्याला अडकून आईच्या लुगड्याचा काठ फाटला होता. लाल दोरा संपला होता, म्हणून तिने काळ्याने रफू केलं. मला दिसलं तसं मी काढलं. चित्रात ते एकदाच आहे. त्याने ते नक्षी समजून वीत-वीत अंतरावर छापलं होतं, आणि गुजरातेतल्या, महाराष्ट्रातल्या कोण कोण बायका माझ्या आईचं रफू नेसून लग्नांना जात होत्या.

"आपने निकाला ये?" त्याने विचारलं. अंकाचं आतलं पान त्याने पाहिलं होतं. "इसमें तो किसी भाई का नाम है."

"त्या भावाला विचारा रफू कुठल्या रंगाचं होतं. त्याला लुगड्याचा रंगसुद्धा सांगता येणार नाही."

जयेशभाईने काठावरच्या काळ्या फुलावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "बा की साडी?" मी म्हटलं, हो, आईचीच. तो म्हणाला, पुढच्या छपाईत ते फूल काढून टाकतो. मी म्हटलं, "खबरदार काढाल तर." त्याने मला ती साडी भेट देऊ केली. मी दोन मागितल्या, एक मला आणि एक कमलला. त्याने दिल्या. का घेऊ नये? काठ माझ्या आईचा होता.

आप्पांनी त्याच्याकडून रकान्यात तारीख घालून घेतली, शेजारी 'पान कापेल' असं स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मगच चहा प्यायले.

परत आल्यावर त्यांनी मागाचा दोरा घेऊन मुखपृष्ठ अंकाला शिवलं. शिवून झाल्यावर मी हात पुढे केला. त्यांनी अंक दिला नाही. मी चिडले. म्हटलं, आप्पा, हे चित्र माझं आहे, आता तरी मला नेऊ द्या.

"चितर तुनं," आप्पा म्हणाले. "अंक वाचनालयना."

मी वाद घातला. मोठ्याने घातला, गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आप्पा ऐकेनात. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला नसता. शेवटी त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि पंधरा दिवसांच्या बोलीवर अंक हातात ठेवला. ठेवता ठेवता आतलं पान उघडून म्हणाले, "चितर तुनं नि नाव त्यानं? मंग हाई चुकी शे. दुरुस्त करी आन."

नंदुरबार

अण्णा नंदुरबारला असतो, नोकरीतून निवृत्त होऊन तिथेच घर बांधलंय. गाडी वाटेत तिथे थांबतेच. मी उतरले. कळवलं नव्हतं.

मी सुरतेची प्रिंट साडी नेसून दारात उभी. वहिनी म्हणाली, "काठ छान आहे हो." अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत होता. समोर भिंतीवर त्याने कधीतरी काढलेलं गणपतीचं एक चित्र आहे. पाहुणे आले की वहिनी ते दाखवते आणि सांगते, हे पूर्वी मासिकांची मुखपृष्ठं काढायचे. अण्णा 'नाही' म्हणत नाही. असं मी किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा चहा गिळून गप्प बसलेय, त्याचा हिशेब नाही. या वेळी मी चहा घेतला नाही. अंक त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने ओळखला. शिवलेल्या दोऱ्यावरून, चौकटींवरून त्याने हात फिरवला. "आई," तो म्हणाला. मग, "कुठे मिळाला?"

"आतलं पान उघड."

त्याने उघडलं. स्वतःचं नाव वाचलं. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अगं बाई, हाच का तो यांचा अंक?"

मी अण्णाकडे पाहत राहिले. मी बोलणार नव्हते. तेहेतीस वर्षं तो गप्प बसला होता, आता बोलायची पाळी त्याची होती.

"माझा नाही," अण्णा वहिनीला म्हणाला. "चित्र हिने काढलंय. बापूंनी माझं नाव घातलं, आणि मी घालू दिलं."

वहिनीने भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं. मला वाटलं होतं या क्षणी मला फार आनंद होईल. झाला. खोटं कशाला सांगू, भरपूर झाला.

मी पर्समधून पेन काढून त्याच्या पुढे धरलं. तो म्हणाला, "सुमे, जुना अंक आहे, खराब होईल. तू तर कुणाला पानाला बोटही लावू देत नाहीस." मी म्हटलं, "रेघ मार." त्याने चष्मा पुसला, पान गुडघ्यावर सरळ केलं आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली. मग पेन तसंच हवेत धरून बसला.

"आडनाव कुठलं लिहू? आपलं, की त्यांचं?"

"नुसतं सुमन लिही," मी म्हटलं. "आणि नीट अक्षरात लिही. लायब्ररीचा अंक आहे, परत करायचाय."